घरच्या घरी टाय-डाय: खर्च किती, वाचतो कुठे

टाय-डाय करून बघायचं ठरलं की बहुतेक जण आधी ऑनलाइन किट मागवतात. त्याआधी कपाटातला पांढरा शर्ट काढा आणि कॉलरच्या आतलं लेबल वाचा. पैसे वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण तिथेच असतं. शर्ट शंभर टक्के सुती असेल तर रंग धरेल, व्हिस्कोसही धरतं. पॉलिएस्टर मात्र धरत नाही. धुतलं की रंग पाण्याबरोबर जातो. अर्धंअर्धं मिश्रण असेल तर फिकट, उदास छटा हाती लागते. लेबल नसेल तर आतल्या शिवणीतून एक धागा काढून चिमट्यात धरा आणि जाळून बघा. मात्र धागा कापडाचा हवा, टीप मारलेला नको. सूत कागदासारखं जळून हलकी राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

आता रंग. दुकानात २०-४० रुपयांना मिळणारी, पाण्यात उकळायची पुडी स्वस्त वाटते, पण त्यातले बरेच रंग धुताना सुटत राहतात आणि सोबतचे कपडे खराब करतात. शाळेच्या एका प्रकल्पापुरती ती ठीक आहे. अंगावर घालायच्या शर्टासाठी रिअ‍ॅक्टिव्ह रंगच घ्या. हे रंग १९५६ साली बाजारात आले. ते सुताच्या तंतूशी रासायनिक बंधाने जोडले जातात, म्हणून टिकतात. दुकानदाराला ‘कोल्ड ब्रँड’ असं स्पष्ट सांगा. ‘हॉट ब्रँड’ला उष्णता लागते, घरच्या बादलीत त्याचा उपयोग नाही.

दर शहरागणिक बदलतात, तरी अंदाजासाठी हिशोब मांडते. लाल, पिवळा, निळा प्रत्येकी १०० ग्रॅम, सुमारे १५० रुपयांप्रमाणे ४५० रुपये. धुण्याचा सोडा किलोभर ८०. नळीच्या तोंडाच्या तीन बाटल्या ६०. हातमोजे, मास्क आणि रबरबँड मिळून १००. झाले ६९० रुपये. चार नवे कोरे सुती टी-शर्ट २०० रुपयांचे धरले तर ८००. म्हणजे पहिल्या खेपेला एक शर्ट साधारण ३७० रुपयांना पडतो. पण मोठ्या माणसाच्या एका शर्टाला सगळे रंग मिळून ८-१० ग्रॅमच लागतात, म्हणजे जेमतेम १५ रुपयांचा रंग! उरलेली पूड कोरड्या डब्यात घट्ट बंद ठेवली तर पुढच्या खेपांना पुरते. म्हणून एकट्याने एका शर्टासाठी सामान आणू नका. शेजारच्या दोन घरांनी वर्गणी काढली, प्रत्येकाने जुने पांढरे शर्ट आणले, की खर्च एकदम खाली येतो. किट घ्यायचंच असेल तर बाटलीत किती ग्रॅम रंग आहे ते बघा. ते लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

सोड्यात काटकसर नको. खायचा सोडा चालत नाही, त्याचा क्षार कमी पडतो. धुण्याचा सोडा एक लिटरला ६० ग्रॅम घाला आणि आधी धुऊन खळ काढलेले शर्ट त्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून पिळा. रंग व्हिनेगरने पक्का होतो असं कुणी सांगेल. ते लोकर-रेशमाच्या वेगळ्या रंगांचं शास्त्र आहे. इथे आम्लाने उलट कामच बिघडतं.

मग खरी गंमत. मधोमध चिमटीत धरून शर्ट पिळत चकती केली की भोवरा उमटतो. राजमा किंवा हरभरा कापडात गुंडाळून दोरा आवळला की वलयं. त्यासाठी वेगळं काही विकत घ्यायला नको. २५० मिलिलिटर पाण्यात ५-६ ग्रॅम रंग कालवा. पूड कालवताना मास्क हवाच, कारण ती श्वासात गेल्यास काहींना ॲलर्जी जडते. जांभळ्याशेजारी पिवळा किंवा लालशेजारी हिरवा टाकू नका, मिसळून मातकट होतं. चकती उलटून मागूनही रंग घाला. प्लास्टिकच्या पिशवीत चोवीस तास बंद ठेवा. घाई केलीत तर गडद रंग मिळत नाही.

सोडताना एक गोष्ट दिसेल: खांद्याची आणि गळ्याची टीप पांढरीच राहिलेली. शिलाईचा धागा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, त्यामुळे निळ्या-लाल कापडावर ती रेघ स्वच्छ उठते. मला ती फार आवडते.

पाण्याचा खर्चही धरा. प्रत्येक शर्टाला तीन-चार बादल्या जातात: आधी थंड पाण्याने सोडा काढायचा, मग गरम पाणी आणि साबण. टँकरवर असाल तर उन्हाळ्यात हा उद्योग टाळलेलाच बरा. सोड्याचं पाणी कुंड्यांना घालू नका, मोरीतच ओता. पहिल्या दोन धुण्यांना हे शर्ट वेगळे ठेवा.