दुग्धोद्योगातील सांडपाणी आणि जिवाणूंचे कार्य

चक्का करण्यासाठी दही फडक्यात बांधून टांगले म्हणजे खालच्या भांड्यात हिरवट-पिवळसर निवळी साचते. घरी ती कणकेत किंवा कढीत जाते. पनीर, चीज अथवा श्रीखंड तयार करणाऱ्या कारखान्यात मात्र हीच निवळी हजारो लिटरांनी निघते आणि तीत दुधातील साखर सुमारे साडेचार टक्के शिल्लक असते. तीत विषारी असे काहीच नाही. तरीही ती ओढ्यात सोडली तर मासे मरतात, हे कसे?

सेंद्रिय द्रव्य खाताना जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. या गरजेचे माप म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी; व्यवहारात तिला ‘बीओडी’ म्हणतात. घरगुती मैलापाण्याची बीओडी लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते, तर निवळीची ३० ते ५० हजार. आपल्या हवामानात एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. म्हणजे ४० हजार बीओडीची केवळ एक लिटर निवळी ५ हजार लिटर पाण्यातील सगळा ऑक्सिजन संपवू शकते. मासे गुदमरतात ते यामुळे.

ओढ्यात जे काम जिवाणू करणार, तेच कारखान्याच्या आवारात त्यांच्याकडून करून घेणे, हे जैविक शुद्धीकरणाचे तत्त्व होय. प्रथम जाळीतून कचरा व सापळ्यातून तूपकट थर काढतात. नंतर पाणी एका मोठ्या टाकीत एकत्र करतात. ही टाकी दिसायला साधी, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची; कारण यंत्रे धुताना कधी कॉस्टिक सोडा येतो, कधी आम्ल, आणि ते एकदम पुढे गेले तर जिवाणूंचा संसारच उद्ध्वस्त होतो.

तीव्र सांडपाणी त्यानंतर बंद टाकीत, ऑक्सिजनविना कुजवले जाते. येथे दोन गट एकामागून एक राबतात. पहिला साखरेची व स्निग्धांची आम्ले करतो, दुसरा त्या आम्लांपासून मिथेन वायू. पहिला चपळ, दुसरा मंदगती व नाजूक. अधाशीपणे भार वाढवला की आम्ले साचतात, मिथेन करणारे सूक्ष्मजीव निकामी होतात आणि टाकी अक्षरशः आंबते. ती पुन्हा रुळावर यायला कित्येक आठवडे लागू शकतात. नीट चालली तर रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ३५० लिटर मिथेन मिळू शकतो व तो बॉयलरला उपयोगी पडतो.

उरलेले काम हवा फुंकलेल्या टाकीत होते. १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी खाली बसलेला गाळ फेकून न देता नव्या मैलापाण्यात पुन्हा वापरला, तेव्हा शुद्धीकरणाचा वेळ पुष्कळच घटला. तो गाळ म्हणजे जिवाणूंची वसाहतच होती. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले.

नदी-नाल्यात सोडावयाच्या पाण्यासाठी आपल्याकडील सर्वसाधारण बीओडी मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. ती गाठणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अडते ते विजेच्या बिलापाशी. हवेचे पंप रात्री बंद ठेवले की बचत दिसते, पण जिवाणूंना रात्र नसते. खरे तर निवळी गटारात जाऊच न देता तिची भुकटी करणे किंवा ती गुरांना पाजणे, हा मोठा कारखाना असो वा छोटा, पहिला उपाय असावा.

आपल्या गावाजवळ असा प्रकल्प असेल व तो पाहण्याची संधी मिळाली, तर हवेच्या टाकीतील एक लिटर पाणी काचेच्या उभ्या नळीत अर्धा तास स्थिर ठेवून दाखवा, असे म्हणावे. तपकिरी गाळ खाली बसून वर नितळ पाणी राहिले आणि वास ओल्या मातीसारखा आला, तर जिवाणू सुखरूप आहेत. गाळ काळा असून सडक्या अंड्यांचा वास आला, तर पंप किती तास चालतात ते विचारावे.