नितळ पाणी आणि चमकणारे कण

आपल्या जोयडा तालुक्यातील झऱ्यांचे पाणी नितळ दिसते. पण विरघळलेले धातू डोळ्यांना दिसत नाहीत. मग ओळखायचे कसे?

काही बहुवारिकांच्या (पॉलिमर) साखळीचा एक भाग पाण्यात रमतो, दुसरा पाणी टाळतो. पाण्यात टाकताच पाणी टाळणारे भाग आत दडतात व नॅनोकण आपोआप तयार होतो. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा १०० कोटीवा भाग.) कणात प्रकाशणारे द्रव्य असेल, तर अतिनील प्रकाशात तो चमकतो. ठरावीक धातू चिकटताच चमक बदलते, तोच इशारा! कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात चमकणाऱ्या नॅनोकणांवर संशोधन झाले आहे.

करून पाहा : शिक्षकांसमोर स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद ढवळा. नोटा तपासण्याच्या दिव्याखाली हिरवट चमक दिसेल. दिव्याकडे थेट पाहू नये.

पालकांनी व विश्वस्तांनी विहिरीचे पाणी दरवर्षी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, ही विनंती.

– मुख्याध्यापक