इटालियन पाहुण्यांना ‘काय घेणार?’ कसं विचारावं

प्रश्न : मुलाचे इटलीतले साहेब घरी येणार आहेत. चहापाण्याचं त्यांच्या भाषेत कसं विचारू?
– एक वाचक, साखरखेर्डा (जि. बुलडाणा)

उत्तर : साहेबांना ‘कोझा प्रेंदे दा बेरे?’ म्हणा. मुलाच्या बरोबरीचं कोणी असेल तर ‘प्रेंदे’ऐवजी ‘प्रेंदी’, आपल्या तुम्ही-तूसारखंच. चहा की कॉफी, हे विचारायला ‘प्रेफेरिशे ते ओ काफ्फे?’ यातला ‘ते’ म्हणजे चहा. मात्र तिकडे काफ्फे म्हटलं की इवल्याशा कपात घोटभर काळी, कडक कॉफी. दुधाळ कपुचिनो सहसा सकाळीच. जेवणावर ती घेणं त्यांना विचित्र वाटतं! आपला दूध-साखर घालून उकळलेला चहा त्यांना नवा असेल, म्हणून ‘कोन ओ सेन्त्सा त्सुक्केरो?’ (साखर घालून की बिनसाखरेचा?) हे आधीच विचारून घ्या. आणि ‘नो, ग्रात्सिए’ म्हणाले, तर कृपया आग्रह करू नका.