घटक ६ : सिग्नल काढण्याची परवानगी – अमेरिकेतील रेल्वे-नियमनाचा अभ्यास

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• रेल्वे सिग्नल यंत्रणेची मूलभूत कार्ये सांगता येतील.
• सिग्नल यंत्रणा बदलण्यास वा काढण्यास शासकीय मंजुरी का लागते, हे स्पष्ट करता येईल.
• अर्ज, जाहीर सूचना व हरकत या तीन प्रशासकीय लेखनप्रकारांचे परस्परसंबंध उलगडून दाखवता येतील.
• अशा प्रकरणातील अर्ज वा हरकत चिकित्सकपणे वाचता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण प्रशासकीय अर्जाचे सामान्य स्वरूप पाहिले. अर्ज म्हणजे काहीतरी मिळवण्यासाठी केलेली विनंती, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. या घटकात आपण वेगळ्या प्रकारच्या अर्जाचा विचार करणार आहोत. येथे अर्जदार स्वतःच्याच मालकीची वस्तू स्वतःच्याच जागेतून काढून टाकण्याची परवानगी मागतो. अमेरिकेतील बहुतेक मालवाहू रेल्वेमार्ग खाजगी कंपन्यांच्या मालकीचे आहेत. रूळ कंपनीचे, खांब कंपनीचे, दिवेही कंपनीचे. तरीही सिग्नल यंत्रणा बंद करावयाची असेल, किंवा तिच्यात महत्त्वाचा बदल करावयाचा असेल, तर कंपनीला संघराज्य रेल्वे प्रशासनाची पूर्वमंजुरी घ्यावी लागते. असे का, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ सिग्नल नेमके काय करतो?

सिग्नल म्हणजे लाल-हिरवा दिवा, एवढेच आपल्याला बाहेरून दिसते. त्या दिव्यामागे ट्रॅक सर्किट असते. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी संशोधकाने १८७२ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्याचे तत्त्व सोपे आहे. रुळांच्या एका ठरावीक टप्प्यातून सौम्य विद्युतप्रवाह वाहत असतो. गाडी त्या टप्प्यात आली की तिची चाके व आस यांच्यामुळे प्रवाहाला जवळची वाट मिळते, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली किंवा वीज गेली, तरीही रिले सुटतो. म्हणजे यंत्रणा बिघडली तर ती धोक्याकडे न झुकता थांबण्याकडे झुकते.

या रचनेतून तीन कार्ये साधतात. पहिले, दोन गाड्यांमध्ये सुरक्षित अंतर राखले जाते. दुसरे, मार्गातील सांधा चुकीच्या बाजूला वळलेला असेल तर सिग्नल लाल राहतो. तिसरे, रूळ पूर्ण तुटला तर प्रवाह खंडित होऊन बहुतांश वेळा त्याची सूचना मिळते. एक दिवा काढला की ही तिन्ही कामे करणारा पहारेकरीही त्याच्याबरोबर जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

६.२.२ नियमनाची वाटचाल

२५ एप्रिल १९४६ रोजी इलिनॉय राज्यातील नेपरव्हिल येथे एकाच मार्गावरून थोड्या अंतराने धावणाऱ्या दोन प्रवासी गाड्यांपैकी मागची गाडी पुढच्या थांबलेल्या गाडीवर आदळली आणि ४५ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर आंतरराज्य वाणिज्य आयोगाने १९४७ मध्ये वेग व सिग्नल यांची सांगड घालणारा आदेश काढला. प्रवासी गाडी ताशी ६० मैल किंवा अधिक, अथवा मालगाडी ताशी ५० मैल किंवा अधिक वेगाने धावणार असेल तर गाड्यांमधील अंतर राखणारी ब्लॉक पद्धती आवश्यक ठरली. ताशी ८० मैल वा त्याहून अधिक वेगासाठी इंजिनाच्या कक्षातच सिग्नल दाखवणारी किंवा गाडी आपोआप रोखणारी यंत्रणा अनिवार्य झाली. अमेरिकेत अनेक प्रवासी गाड्यांची वेगमर्यादा ताशी ७९ मैल का असते, याचे उत्तर या आदेशात सापडते.

सिग्नलविषयक कायद्याची चौकट १९३७ मध्ये विस्तारली होती. १९६७ मध्ये परिवहन विभाग कार्यान्वित झाल्यावर आयोगाकडील रेल्वे सुरक्षिततेचे अधिकार संघराज्य रेल्वे प्रशासनाकडे आले. आज संघराज्य नियमावलीच्या ४९ व्या शीर्षकातील भाग २३५ मध्ये मंजुरीची कार्यपद्धती, तर भाग २३६ मध्ये यंत्रणेचे तांत्रिक निकष दिलेले आहेत.

६.२.३ मंजुरी केव्हा लागते, केव्हा लागत नाही?

ब्लॉक सिग्नल, इंटरलॉकिंग किंवा वाहतूक नियंत्रण यंत्रणा बंद करणे, तिची हद्द कमी करणे, अथवा तिच्यात महत्त्वाचा फेरबदल करणे यांसाठी अर्ज आवश्यक असतो. मात्र प्रत्येक खिळ्यासाठी परवानगी मागावी, असा कायद्याचा हेतू नाही. रीतसर कार्यवाहीने कायमचा सोडून देण्यास मान्यता मिळालेल्या मार्गावरील सिग्नल काढणे, दरड कोसळण्याचा विशिष्ट धोका संपल्यावर त्यासाठी बसवलेले उपकरण काढणे, किंवा पूर, आग, वादळ, गाडी घसरणे अशा आपत्तीमुळे सहा महिन्यांपर्यंत यंत्रणा बंद ठेवणे यांना सूट आहे. या अपवादांमागचे सूत्र असे दिसते की, जेथे धोकाच उरलेला नाही किंवा परिस्थितीने दुसरा मार्ग ठेवलेला नाही, तेथे अर्जाची सक्ती नाही.

६.२.४ अर्ज, सूचना, हरकत

अर्जात कंपनीचे नाव, ठिकाण व जवळचे स्थानक, संबंधित मार्ग, प्रस्तावित बदलाचे संपूर्ण वर्णन, बदलाचे कारण, काम सुरू व पूर्ण होण्याच्या अंदाजे तारखा आणि गाड्या चालवण्याच्या पद्धतीत होणारे बदल नमूद करावे लागतात. सोबत आराखडा जोडावा लागतो. या सर्व बाबींमध्ये एक प्रश्न कळीचा आहे : वाहतुकीच्या सुरक्षिततेवर परिणाम होईल काय, आणि होणार असल्यास कसा? सुरक्षितता सिद्ध करण्याचा भार अशा रीतीने अर्जदारावर येतो.

त्यानंतर प्रशासन जाहीर सूचना प्रसिद्ध करते. नागरिक, कामगार संघटना वा अन्य संस्था लेखी म्हणणे मांडू शकतात. हरकत घेणाऱ्याने हरकतीची कारणे नेमकेपणाने सांगावीत व प्रकरणातील आपला हितसंबंध थोडक्यात नोंदवावा, अशी अपेक्षा असते. तोंडी सुनावणी हवी असेल तर लेखी निवेदनातून बाजू पुरेशी का मांडता येत नाही, हेही दाखवावे लागते.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. ‘हा बदल अत्यंत धोकादायक असून तो त्वरित थांबवावा’ या वाक्यात भावना आहे, पण तपासता येईल असे काही नाही. याउलट, ‘सिग्नल काढल्यानंतर कारखान्याकडे जाणाऱ्या सांध्याची स्थिती येणाऱ्या चालकाला कशी कळेल, याचा अर्जात उल्लेख नाही’ हे वाक्य अर्जदाराला उत्तर देण्यास भाग पाडते. चांगल्या हरकतीचे बळ विशेषणांत नसून अशा नेमक्या प्रश्नात असते.

६.२.५ एका सांध्याचा धडा

हा प्रश्न काल्पनिक नाही. ६ जानेवारी २००५ च्या पहाटे दक्षिण कॅरोलायनातील ग्रॅनिटव्हिल येथे एक मालगाडी मुख्य मार्ग सोडून बाजूच्या मार्गावर वळली आणि तेथे उभ्या असलेल्या गाडीवर आदळली. आदल्या दिवशी काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून हाताने चालवायचा सांधा मूळ स्थितीत आणण्याचे राहून गेले होते. क्लोरीन वायू पसरला, नऊ जणांचा मृत्यू झाला व हजारो रहिवाशांना घरे सोडावी लागली. त्या भागात ब्लॉक सिग्नल नव्हते. तेथील सिग्नल कोणी काढले होते, असे नव्हे. परंतु सिग्नल नसलेल्या मार्गावर सुरक्षितता माणसाच्या स्मरणावर किती अवलंबून राहते, हे या अपघाताने दाखवले.

६.२.६ दुसरी बाजू

म्हणून प्रत्येक अर्ज फेटाळावा काय? तसे म्हणता येणार नाही. वाहतूक घटलेल्या मार्गावरील जुनी यंत्रणा सांभाळणे खर्चिक असते, आणि जीर्ण उपकरणे बदलणे हेही सुरक्षिततेचेच काम आहे. १२ सप्टेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे झालेल्या टकरीत २५ जणांचा बळी गेला. तेथे सिग्नल होता, परंतु प्रवासी गाडीच्या चालकाने तो लाल असतानाही ओलांडला. त्याच वर्षी काँग्रेसने निवडक मार्गांवर ‘पॉझिटिव्ह ट्रेन कंट्रोल’ ही स्वयंचलित नियंत्रण यंत्रणा सक्तीची केली. वाढीव मुदतीनंतर २०२० अखेर तिची उभारणी पूर्ण झाली. नवी यंत्रणा आली म्हणजे जुने दिवे अनावश्यक झाले, असा युक्तिवाद मग स्वाभाविकपणे पुढे येतो. तो तपासताना आपण पाहिलेली तीन कार्ये पुन्हा आठवावीत. अंतर नवी यंत्रणा राखेल. पण सांध्याची स्थिती आणि तुटलेला रूळ यांची माहिती तिला कोठून मिळणार? ट्रॅक सर्किट काढणार की केवळ दिवे? याच उत्तरावर मंजुरी, सशर्त मंजुरी किंवा नकार अवलंबून असावा.

६.२.७ भारतीय संदर्भ

भारतात रेल्वे सुरक्षा आयोग हा रेल्वे मंत्रालयाऐवजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. चालवणारा व तपासणारा वेगळा असावा, हे त्यामागील तत्त्व. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकाजवळ झालेल्या भीषण अपघाताच्या चौकशीत सिग्नलच्या सर्किटमधील फेरबदलांच्या कामातील त्रुटी कारणीभूत ठरल्याचे आढळले. मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळालेली कोरोमंडल एक्स्प्रेस प्रत्यक्षात बाजूच्या मार्गावर वळली होती. कागदावरची मंजुरी आणि जागेवरची तपासणी, दोन्ही तितक्याच आवश्यक आहेत, हा त्याचा बोध.

६.३ सारांश

सिग्नल कंपनीच्या मालकीचा असला तरी त्याच्या भरवशावर प्रवासी, कर्मचारी व रुळांलगतची वस्ती जगत असते. म्हणूनच तो काढण्याचा निर्णय एकट्या मालकाचा राहत नाही. अर्ज कारण मागतो, सूचना तो विषय लोकांपुढे आणते आणि हरकत राहून गेलेला प्रश्न विचारते. वस्तू काढण्यापूर्वी ती करत असलेली सर्व कामे मोजावीत आणि प्रत्येक कामाचा नवा वारसदार कोण, हे विचारावे, हा या नियमनाचा गाभा आहे.

६.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ट्रॅक सर्किटमध्ये बिघाड झाल्यास सिग्नल लाल का होतो?
२. मंजुरीची गरज नसलेल्या दोन परिस्थिती सांगून त्यांमागील समान सूत्र स्पष्ट करा.
३. ‘नवी यंत्रणा बसवल्यामुळे जुने सिग्नल अनावश्यक झाले आहेत’ या विधानावर सुमारे १५० शब्दांत नेमकी हरकत लिहा.
४. आपल्या परिसरातील एखादी सार्वजनिक सोय बंद करण्याचा प्रस्ताव आल्यास, ती करत असलेल्या कामांची यादी करून प्रत्येकासाठी एक प्रश्न तयार करा.