कुटुमसरच्या काळोखात

एलीया होरेबच्या गुहेत मुक्कामास राहिला, तेव्हा तो तेथे कशासाठी आला, हे परमेश्वराने त्याला दोनदा विचारले (1 राजे 19). सहलीला निघालेल्या कुटुंबानेही गुहेच्या तोंडाशी हाच प्रश्न स्वतःस करावा.

गुहा पाहण्यासाठी कित्येक जण परदेशी जातात. रायपूरच्या मराठी कुटुंबांना तितके दूर जाण्याचे कारण नाही. धमतरी, कांकेर व केशकालचा घाट मागे टाकला, की सुमारे 300 किलोमीटरवर जगदलपूर लागते. त्यापुढे कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात कुटुमसरची गुहा आहे. अरुंद तोंडातून वाटाड्याच्या दिव्यामागे खाली उतरावे लागते. (मुलांचा हात सोडू नये, वाट निसरडी आहे.)

आत छतापासून लोंबणारे व जमिनीवरून वर चढणारे लवणस्तंभ दिसतात. मातीतून झिरपणारे पाणी कर्बवायू घेऊन चुनखडी विरघळवते आणि गुहेत थेंबाथेंबाने ती पुन्हा ठेवते. बोटभर वाढीला शेकडो वर्षेही लागतात. आपल्या हाताचा तेलकटपणा मात्र एका स्पर्शात ती वाढ खुंटवू शकतो.

तेथील डबक्यांत एक लहानसा मासा राहतो. त्याचे डोळे खुरटलेले, रंग फिकट. शास्त्रज्ञ त्याला ज्या जातीत गणत आले, तिचे प्रथम वर्णन 1872 मध्ये पुण्याच्या माशांवरून झाले. सह्याद्रीच्या ओढ्यांतील त्याच्या भाऊबंदांना चांगले डोळे आहेत! मुलांना तो दाखवावा, पण त्याच्यावर विजेरी रोखून धरू नये. ज्या काळोखाची आपल्याला भीती वाटते, ते त्याचे घर आहे.

फ्रान्समधील लास्को गुहेची प्राचीन चित्रे माणसांच्या श्वासाने व दिव्यांनी बिघडू लागली, म्हणून 1963 मध्ये ती गुहा लोकांना बंद करावी लागली. तेथे आलेले लोक कौतुकानेच आले होते, हे विशेष. आदामाकडे बागेची मशागत सोपवली, तशी राखणही सोपवली (उत्पत्ति 2:15). मशागत आपण उत्साहाने करतो. राखणीत पुष्कळदा हात आवरावा लागतो, आणि तेच आपल्याला जड जाते.

कुटुमसरला जायचे तर हिवाळ्यात जावे. पावसाळ्यात पाणी शिरते, म्हणून गुहा पर्यटकांना बंद असते. त्याच पाण्याबरोबर पालापाचोळा आत येतो आणि आतल्या जीवांच्या अन्नाची सोय होते.