सर्व्हिसिंग झालं, तरी ‘चेक इंजिन’ पेटलेलाच? पैसे देण्याआधी हे वाचा

ऑइल नवं, फिल्टर नवे, बिल भरलेलं. आणि मीटरवर इंजिनाचं पिवळं चित्र तसंच. अशा वेळी दोन चुका टाळा. दिव्याकडे दुर्लक्ष करू नका, आणि ‘घालवून देतो दोन मिनिटांत’ म्हणणाऱ्याला लगेच पैसे देऊ नका. दिवा घालवणं वेगळं, दोष काढणं वेगळं.

आधी दिवा ओळखा

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल, तर सावकाश चालवत गॅरेजला नेता येते. दिवा लुकलुकत असेल, गाडी मिसिंग करत असेल, तर बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं आणि तो पार्ट पाच आकड्यांत जातो. ऑइलचा किंवा टेम्परेचरचा लाल दिवा दिसला, तर इंजिन तिथेच बंद करा. टोइंगचा खर्च इंजिनकामापेक्षा नेहमीच कमी.

पान्याचं चित्र किंवा ‘सर्व्हिस ड्यू’ हा बहुतेक गाड्यांत दोष नसतो. सर्व्हिसिंगनंतर रिसेट करायचं राहिलं, एवढंच. टायरच्या हवेचा दिवाही टायर अदलाबदल केल्यावर पेटतो. हवा बरोबर असेल, तर अनेक गाड्यांत मीटरच्या मेनूतून तो घालवता येतो. या दोन्हींचे पैसे कुणी मागत असेल, तर देऊ नका.

गॅरेज गाठण्याआधी पाच मिनिटं बॉनेट उघडा

इंजिन थंड असताना एअर फिल्टरचा डबा बघा. अनेक गाड्यांत त्याच्या झाकणावर किंवा पुढच्या पाइपवर एक छोटा सेन्सर असतो आणि त्यात वायरचा कपलर बसतो. फिल्टर बदलताना हा कपलर काढतात. तो अर्धवट बसला की पी-०११३ किंवा पी-०१०२ असा कोड येतो. किल्ली बंद ठेवून कपलर दाबा. ‘टक’ आवाज आला की बसला. डब्याच्या क्लिपा, पाइपची पट्टी, ऑइलचं झाकण आणि डिपस्टिकही तपासा. यातलं काही सैल असेल, तर बाहेरची हवा आत खेचली जाते आणि पी-०१७१ येऊ शकतो. बॉनेटखाली प्रेशरने पाणी मारलं असेल, तर कॉइलच्या कपलरमध्ये पाणी जाऊन मिसिंगचा पी-०३०० येतो. ब्रेक पॅड बदलल्यानंतर एबीएसचा दिवा पेटला, तर चाकाजवळच्या सेन्सरची वायर तपासून घ्या.

कुठे जायचं, किती लागतात

काम नुकतंच झालं असेल, तर पहिलं दार त्याच वर्कशॉपचं. कोल्हापुरात कंपनीची वर्कशॉप्स बहुतेक शिरोली, उचगाव आणि हायवेच्या बाजूला. सकाळी लवकर जा आणि जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या : ‘सर्व्हिसिंगनंतर अमुक किलोमीटरवर दिवा पेटला.’ त्यांनी हात लावलेल्या भागातच दोष निघाला, तर तपासणीचे आणि लेबरचे पैसे लागू नयेत, हे आधीच स्पष्ट बोला.

बाहेर बघायचं असेल, तर उद्यमनगरात स्कॅनरवाले मिस्त्री आणि ऑटो इलेक्ट्रिशियन मिळतात. स्कॅनिंगला बाहेर साधारण ३०० ते ८०० रुपये, कंपनीत ५०० ते १५०० आणि वर जीएसटी. यात कोड वाचणं, लिहून देणं आणि पुसणं तिन्ही येतं का, ते आधी विचारा. नाहीतर ‘वाचायचे वेगळे, पुसायचे वेगळे’ असा हिशेब होतो.

घरीच वाचायचं असेल, तर ब्लूटूथ डोंगल ५०० ते १५०० रुपयांत मिळतो. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगखाली त्याचं सॉकेट असतं. स्वस्त डोंगल फक्त इंजिनाचे कोड वाचतो. एबीएस, एअरबॅगचे सहसा नाही. काम झाल्यावर काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

सोबत काय न्यायचं

आरसी, सर्व्हिसिंगचं बिल, जुनं जॉब कार्ड, वॉरंटी किंवा एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद आणि पेटलेल्या दिव्याचा किलोमीटर दिसेल असा फोटो. वॉरंटी चालू असेल, तर बाहेर वायर कापू देऊ नका. क्लेम तिथेच अडतो.

पुसण्याआधी फोटो

स्कॅनरच्या पडद्याचा फोटो घेतल्याशिवाय कोड पुसू देऊ नका. कोडसोबत त्या क्षणीचा वेग, आरपीएम, इंजिनाचं तापमान साठवलेलं असतं आणि पुसलं की तेही जातं. बॅटरीची तार काढून दिवा घालवणं हा त्याहून वाईट शॉर्टकट : पुरावा जातो, शिवाय काही गाड्यांत म्युझिक सिस्टिम कोड मागते आणि आरपीएम काही दिवस वरखाली होतो. तो आपोआप स्थिर होतो. त्यासाठी ‘ट्यूनिंग’चे पैसे देऊ नका.

दोष खरंच गेला असेल, तर दिवा साधारण तीन फेऱ्यांनंतर स्वतःहून विझतो. साठलेला कोड मात्र सुमारे ४० वेळा इंजिन गरम-थंड होईपर्यंत मेमरीत राहू शकतो. म्हणून ‘जुना कोड दिसतोय, सेन्सर बदला’ हे लगेच मान्य करू नका. कोड ‘करंट’ आहे की ‘हिस्ट्री’, ते विचारा. पुसून झाल्यावर हायवेने कागलपर्यंत जाऊन या. त्यापुढे कोगनोळीचा टोल आहे, तिथवर जायची गरज नाही. मग पुन्हा स्कॅन करून घ्या. या दुसऱ्या स्कॅनचे पैसे पहिल्यातच धरायला लावा.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी डीपीएफचा दिवा वेगळा समजावा. शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी हा काजळीचा फिल्टर भरतो. मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे हायवेवर एका वेगात चालवली, की बऱ्याचदा साफ होतो. सर्व्हिसिंगमध्ये कमी राखेचं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घातलंय का, ते बिलावर बघा.

बिलात कुठे फुगतं

‘थ्रॉटल बॉडी क्लिनिंग’ ६०० ते १५००, ‘इंजिन फ्लश’, ‘डीकार्बनायझिंग’, ‘कन्झ्युमेबल्स’. कोडशी संबंध काय, हे विचारा. उत्तर नसेल, तर खोडायला लावा. ऑक्सिजन सेन्सर छोट्या गाड्यांत अडीच ते आठ हजारांपर्यंत जातो. तो बदलण्याआधी वायर, कपलर आणि सायलेन्सरची गळती तपासली का, ते विचारा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या.

एमआरपीत कर धरलेला असतो. एमआरपीवर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवर जीएसटी १८ टक्के आहे. त्यानंतरच्या बिलात २८ दिसला, तर हरकत घ्या. जीएसटी नंबर नसलेलं गॅरेज जीएसटी घेऊच शकत नाही.

आणखी एक : किल्ली ‘ऑन’ केल्यावर इंजिनाचा दिवा पेटला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. पेटतच नसेल, तर दोष काढण्याऐवजी दिवाच बंद केलेला असू शकतो. जुनी गाडी घेतानाही हे पहिलं बघा. पीयूसी निघाली म्हणजे दोष नाही, असं समजू नका. ती चाचणी सायलेन्सरच्या धुराची, कोडची नाही.

दाद कुठे मागायची

आधी वर्कशॉपच्या मॅनेजरला लेखी किंवा ईमेल. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, कॉल मोफत. तेवढ्याने भागलं नाही, तर कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. पक्कं बिल, जॉब कार्ड आणि कोडचा फोटो एवढं हातात असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. म्हणून कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेऊ नका.