परभृत : कावळ्याच्या घरी वाढलेला कोकीळ



होळी होऊन गेली की आपल्या मांडवीत पहाटे एक आवाज ऐकू येऊ लागतो. चारही दरवाजांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रिक्षांची वर्दळ सुरू होण्याआधी, एखाद्या पोळीतल्या कडुनिंबावरून किंवा कमाटीबागेतल्या दाट झाडीतून 'कुऊऽ कुऊऽ' अशी साद येते. 'कोकिळा गाते' असे आपण म्हणतो, पण खरे तर हा गाणारा पक्षी नर असतो. तो काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरट ठिपक्यांची आणि फारशी न दिसणारी.

संस्कृतात कोकिळाला 'परभृत' असे नाव आहे. परभृत म्हणजे दुसऱ्याने पोसलेला. कोकिळा घरटे बांधत नाही, ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, हे आपल्या पूर्वजांनी फार पूर्वी पाहिले होते. कालिदासाच्या 'शाकुंतला'त दुष्यंताच्या तोंडी याचा उल्लेख आहे. पण आज आपण या जुन्या गोष्टीतला एक नवा प्रश्न विचारणार आहोत. कोकिळाचे पिलू डोळे उघडते तेव्हा त्याच्यासमोर कावळा असतो. त्याला घास भरवतो तो कावळा, शेजारी बसलेली भावंडेही कावळ्याचीच. मग मोठे झाल्यावर हा कोकीळ जोडीदार म्हणून कावळीला का निवडत नाही?

पक्ष्यांवरचे संस्कार

आपण म्हणतो, लहानपणीचे संस्कार जन्मभर पुरतात. पक्ष्यांच्या बाबतीत हे अगदी शब्दशः खरे आहे. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ साली यावर सविस्तर लेखन केले. अंड्यातून बाहेर पडल्याबरोबर हंसाच्या पिलांनी जर माणसालाच पाहिले, तर ती आईसारखी माणसाच्याच मागे मागे चालतात. लहानपणी मनावर उमटणाऱ्या या खुणेला आपण 'ठसा' म्हणू. प्राण्यांच्या वर्तनावरील संशोधनासाठी लोरेन्झ यांना १९७३ साली दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

हा ठसा फक्त 'आई कोण' एवढेच सांगत नाही. 'मोठेपणी माझा जोडीदार कसा दिसणार' हेही तोच सांगतो. लोरेन्झ यांनी हाताने वाढवलेला जॅकडॉ नावाचा एक पक्षी होता. हा कावळ्याचाच लहान भाऊबंद. मोठा झाल्यावर तो लोरेन्झ यांनाच आपली जोडीदारीण समजू लागला आणि प्रेमाने त्यांना किडे भरवू लागला. त्यांनी तोंड मिटून घेतले तर तो घास कानात कोंबत असे!

जर्मनीचे क्लाउस इमेलमान यांनी छोट्या झेब्रा फिंच पक्ष्यांची पिले पाळीव मुनियांकडे वाढवायला दिली. (ही पाळीव जात आपल्याकडेही आढळणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून तयार झाली आहे.) मोठे झालेले नर आपल्या जातीच्या मादीला सोडून मुनियेपुढेच गाऊ लागले.

ग्रेज लेकचे क्रौंच

हे सारे पिंजऱ्यातले झाले. मोकळ्या रानात काय घडते? याचे उत्तर अमेरिकेत मिळाले, आणि ते महागात पडले.

आपल्या खेडा भागातल्या भातखाचरांत सारसाची जोडी तुम्ही कदाचित पाहिली असेल. अमेरिकेत सारसाचा एक पांढराशुभ्र नातेवाईक आहे, हूपिंग क्रेन. १९४१ च्या सुमारास जगात हे पक्षी जेमतेम विशीच्या घरात उरले होते. त्यांचा नवा थवा तयार करावा म्हणून १९७५ पासून आयडाहो राज्यातल्या ग्रेज लेक येथे एक प्रयोग झाला. हूपिंग क्रेनची अंडी सँडहिल क्रेन या दुसऱ्या, संख्येने भरपूर असलेल्या क्रौंचाच्या घरट्यांत ठेवली गेली. १९८८ पर्यंत अशी २८९ अंडी ठेवली.

पालक आईबापांनी काम चोख केले. अंडी उबवली, पिलांना चरायला शिकवले, हिवाळ्यात दक्षिणेला न्यू मेक्सिकोपर्यंत कसे जायचे तेही दाखवले. त्यातली बरीच पिले वाटेतल्या विजेच्या तारांनी आणि इतर संकटांनी दगावली. पण जी जगली, मोठी झाली, त्यांच्यातही आपल्या जातीची एकसुद्धा जोडी जमली नाही. त्यांच्या मनावर ठसा होता सँडहिलचा. उलट १९९२ साली एका हूपिंग नराने सँडहिल मादीशी जोडी जमवली आणि त्यांना संकरित पिलू झाले. शेवटी तो थवा संपला.

यातून शास्त्रज्ञ शहाणे झाले. अशी पिले वाढवताना आता माणसे पांढरा झगा घालून चेहरा झाकतात, बोलत नाहीत आणि हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली घेऊन तिच्या चोचीने दाणे दाखवतात. पिलाला माणूस दिसताच कामा नये!

मग आपल्या कोकिळाचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोकिळावर असाच ठसा उमटला असता, तर कोकिळांचा वंश केव्हाच बुडाला असता. परक्या घरी वाढणाऱ्या पक्ष्याजवळ स्वतःची ओळख जन्मतःच असावी लागते. कोकिळाचे गाणे हे त्याचेच उदाहरण. ते त्याला कोणी शिकवत नाही. कावळ्यांच्या कावकावीत वाढूनही तो वसंतात 'कुऊ'च म्हणतो.

अमेरिकेतला काउबर्ड हाही असाच परभृत. २००१ साली संशोधकांनी दाखवून दिले की, काउबर्डची पिले आपल्या जातीची एक विशिष्ट किलबिल ऐकली की इतर कोणत्याही आवाजापेक्षा जास्त प्रतिसाद देतात. ही किलबिल त्यांनी घरट्यात ऐकलेली नसते. शास्त्रज्ञांनी तिला 'सांकेतिक शब्द' म्हटले. तो ऐकू आला की पिलू आपल्या माणसांत जाते आणि बाकीचे धडे तिथे शिकते. आपला कोकीळही अशाच वाटेने घरी परतत असावा.

म्हणजे निसर्गात दोन रीती आहेत. ज्याला आईबाप वाढवतात त्याने ते पाहून शिकावे, आणि ज्याला परका वाढवतो त्याने जन्मतःच थोडी शिदोरी बरोबर आणावी. सारस, मैना, कावळा, चिमणी यांच्याजवळ कोकिळासारखी शिदोरी नाही. त्यांची सारी भिस्त पहिल्या काही आठवड्यांवर असते.

हे आपल्याला का माहीत हवे?

दर जूनमध्ये, पहिल्या वादळी पावसानंतर, कोणी ना कोणी बुटाच्या खोक्यात पिलू घेऊन शाळेत येते. 'सर, मी याला घरी वाढवू?' असे विचारते. त्यामागची माया खरी असते. पण आपल्या हातून दाणे खाऊन, आपल्यालाच पाहून वाढलेले पिलू जगले, तरी माणसाचा ठसा घेऊन जगते. मोठेपणी त्याला सोडून दिले तरी ते आपल्या जातीत एकटे पडू शकते.

म्हणून पिसे न फुटलेले पिलू पडलेले दिसले तर ते हळूच घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिलाला टाकून देतात, हा समज चुकीचा आहे. पिसे फुटलेले पिलू जमिनीवर असेल तर ते बहुधा उडायला शिकत असते. मांजर-कुत्र्यापासून वाचेल अशा फांदीवर ठेवून दूर व्हा; आईबाप जवळच असतात. त्याला दूध पाजू नका. जखमी असेल तर मोठ्यांना सांगून वनखात्याला किंवा पक्षी वाचवणाऱ्या संस्थेला कळवा. शिवाय मैना, पोपट यांसारखे आपल्याकडचे वन्य पक्षी घरात पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे.

करून पाहा

१. घराजवळच्या झाडावर कावळ्याचे घरटे शोधा. जवळ न जाता, गच्चीवरून रोज दहा मिनिटे पाहा व तारीखवार नोंद ठेवा.

२. कावळा कोणाला घास भरवताना दिसला तर त्या पिलाचे पाय पाहा. कावळ्याची तीन बोटे पुढे व एक मागे असते. कोकिळाची दोन पुढे व दोन मागे.

३. ग्रेज लेकच्या पालक पक्ष्यांनी पिलांना काय काय शिकवले आणि काय शिकवू शकले नाहीत? पाच ओळींत लिहा.